गंटे

बेळगावच्या वडगावात, आमच्या गल्लीत,
मागाचा आवाज थांबला की माणसं जागी होतात.
परवा रात्री एकला लाईट गेली.
मी उठलो, तर रक्षिता चार्जिंगच्या दिव्याखाली
अजून बसलेली.
"काय करालीस गं?"
"डिग्रीचं गणित, बाबा. झोपतो की आता."
आमच्याकडच्या पोरी अशाच बोलतात. येतो, जातो, झोपतो.
ती काही झोपली नाही.

पीयूसीचं दुसरं वर्ष.
त्यात कॉलेजनं यंदा नवीन काढलंय:
दहा हुशार पोरं निवडून
डिग्रीच्या गणिताचा एक पेपर त्यांना आत्ताच.
पुढं तेवढाच भार कमी, म्हणतात.
पुढं.
बडिगेर मॅडमनी पालकांसाठी फॉर्म दिलाय,
कन्नडात आणि इंग्रजीत.
मराठीत फक्त माझी सही बसणार.

तिसरा रकाना: वारक्के एष्टु गंटे?
आठवड्याला किती तास अभ्यास होईल?
गंटे म्हणजे तास.
गंटु म्हणजे गाठ.
तीस वर्षं मालकाचा माग चालवलोय,
हे दोन शब्द मला कुणी शिकवायला नको.
एकाचे पैसे मिळतात,
दुसरी साडीत दिसली की कापले जातात.

लाईट बिलाच्या पाठीवर हिशेब मांडलो.
सात दिवस, एकशे अडुसष्ट.
कॉलेज छत्तीस.
डिग्रीचा वर्ग सहा,
आणि वर्गातल्या एका तासाला घरात दोन,
असा मॅडमचा नियम, म्हणजे बारा.
सीईटीची ट्युशन, आणखी बारा.
पीयूचा स्वतःचा अभ्यास अठरा.
गोवावेसपर्यंत चालत, तिथनं बस, तीही उभ्यानं, नऊ.
झोप रोज सहा धरलो. धरायला काय जातंय. बेचाळीस.
जेवण, आंघोळ, आईला कांड्या भरून देणं, दहा.

तरी तेवीस उरले.
पुन्हा बेरीज केलो. तेवीसच.
दर आठवड्याला जवळजवळ एक अख्खा दिवस
माझ्या घरात कुठंतरी पडून असतो
आणि मला कधी दिसला नाही.
कॉटखाली बघितलो तर जर्नलं,
एक चप्पल,
आणि गेल्या वर्षीच्या स्पर्धेतली तिची
कॅरमची सोंगटी.

"नाव काढूया का?" मी म्हटलो.
"सूत जादा ताणलं की कसं होतं, तुला..."
"बाबा, मी सूत नव्हे."

गप्प बसलो.
तीच मग, वहीकडं बघत:
"बाकीचं सगळं पाठ करायला लागतंय.
ह्याच एका पेपरात
किती वाजले ते मी विसरतो."

म्हणजे तेवीसातले थोडे तरी सापडले.
सगळे नाहीत.

रकान्यात बारा लिहिलो. सही केलो.
खाली 'पालकांची सूचना' म्हणून दोन रेघा होत्या,
कुणी भरत नसेल अशा.
त्यावर मराठीत लिहिलो, ठळक:
मंगाईच्या जत्रेदिवशी चाचणी ठेवलाय,
पोरीला अर्धा दिवस सोडावा.

"मॅडमना मराठी वाचता येत नाही," म्हणाली,
आणि पेन घेऊन त्याच्याखाली कन्नडात लिहिली.
दिवा जवळ ओढून मी बघितलो.
मंगाई होती. चाचणी होती.
अर्धा दिवस कुठंच नव्हता.
एरडु गंटे.
दोन तास.

"एवढेच?"
"पुरे की. गर्दीत देवी बघायला,
आणि एक प्लेट भजी."

तेवढ्यात लाईट आली.
गल्लीतले माग एकामागनं एक सुरू झाले,
भिंतीवरचं कॅलेंडर थरथरायला लागलं,
आणि त्या खडखडाटात
ती होती तिथंच आडवी होऊन झोपली.
दिवा बंद करायला गेलो तर
वहीच्या कोपऱ्यात, पेन्सिलीनं,
एकशे अडुसष्ट.
माझ्या आधीच ती मांडून बघितलेली.
तिचे उरले होते चार.